मारिओच्या प्रश्नचिन्हवाल्या बॉक्समधून काय निघणार हे नेमकं ठरतं कशावर?

रंकाळ्याचावारा
मंडळी, घरात वाद पेटलाय, तुम्हीच मिटवा. विषय जुना सुपर मारिओ, 1985 चा, आपल्या पिढीनं कॅसेट फुंकून फुंकून खेळलेला. माझं म्हणणं, प्रश्नचिन्हाच्या बॉक्समधून काय निघणार ते नशिबावर असतं, कधी मश्रूम यायचं, कधी फूल, मला पक्कं आठवतंय. भाचा म्हणतोय मामा नशीब बिशीब काही नसतंय, सगळं आधीच ठरलेलं. त्याच्याकडं निन्टेन्डो स्विचवर तोच जुना गेम आहे आणि त्यात रिवाइंडची सोय आहे, तर पठ्ठ्या मागं नेऊन नेऊन एकच बॉक्स फोडून दाखवतोय आणि येतंय आपलं दर वेळी मश्रूमच. आमच्या शिवाजी पेठेत तर ठरलेला नियम होता, पळत येऊन डोकं मारलं की फूल, उभ्या उभ्या मारलं की मश्रूम. नियम कुणी काढला माहीत नाही पण सगळी गल्ली मानायची.

तर एक, हे कशावर ठरतं? दोन, मी पहिल्या गेमच्या पुढं गेलोच नाही, पुढच्या भागांत हे बॉक्स बदलले का? आणि लपलेले बॉक्स तुम्ही कसे हुडकले तेपण सांगा, तेव्हा नेट नव्हतं तरी सगळ्यांना सगळं माहीत असायचं.

खटका
सगळा धागा वाचायच्या आधीच सांगतो, भाच्याचं बरोबर असणार.

पांढरा रस्सा
पळत येऊन डोकं मारल्यावर फूल? आमच्याकडं पळत येऊन डोकं मारल्यावर टेंगूळ यायचं.

मंगळवारपेठी
नशिबाचा काहीएक संबंध नाही. कुठल्या बॉक्समध्ये काय आहे ते गेममध्ये आधीच लिहिलेलं असतं. बहुतेक बॉक्समध्ये कॉइन, काही ठराविक बॉक्समध्ये ताकदीची वस्तू. आता ती वस्तू मश्रूम का फूल, हे तुम्ही बॉक्सला मारता त्या क्षणी ठरतं, आणि ते फक्त एकाच गोष्टीवर, तुमचा मारिओ छोटा आहे का मोठा. छोटा असेल तर मश्रूम, मोठा असेल तर फूल. पळत या, चालत या, लोटांगण घालत या, फरक शून्य.

तुमच्या गल्लीचा नियम कसा पडला असेल त्याचा अंदाज देतो. जो पोरगा बॉक्सकडं बिनधास्त पळत यायचा तो बहुतेक आधीच मोठा झालेला असायचा, धक्का बसला तरी मरणार नाही ही खात्री. म्हणून त्याला फूल. छोटा मारिओ घेऊन येणारा दबकत यायचा, त्याला मश्रूम. गल्लीला वाटलं पळण्याचा गुण आहे.

अजून एक बारीक गोष्ट. समजा मोठं असताना बॉक्स मारला, फूल वर आलं, आणि ते घ्यायच्या आत कासवानं धक्का देऊन छोटं केलं. आता ते फूल घेतलं तर फुलाच्या त्या आगीच्या गोळ्या मिळत नाहीत, मारिओ नुसता मोठा होतो. या पहिल्या गेममध्ये मश्रूम काय आणि फूल काय, दोन्ही तुम्हाला एक पायरी वर नेतात एवढंच.

रंकाळ्याचावारा
@मंगळवारपेठी, हे सगळं ठीक, पण मला पहिल्या स्टेजच्या पहिल्या मश्रूमच्या जागी फूल आलेलं आठवतंय. तिथं तर मारिओ छोटाच असणार की.

मंगळवारपेठी
त्या लाखभर गेम लिहिलेल्या कॅसेटी आठवतात का? आत खरे गेम मोजकेच आणि तेच वेगवेगळ्या नावांनी परत परत. त्यात मारिओचे पण फेरफार केलेले अवतार असायचे, कुठं थेट पुढच्या वर्ल्डपासून सुरू, कुठं अजून काय. तुमची कॅसेट त्यातली असेल तर तिथं काय निघायचं ते देवालाच ठाऊक. मूळ गेममध्ये त्या जागी मश्रूमच येणार.

पांढरा रस्सा
म्हणजे डुप्लिकेट कॅसेटच्या जिवावर मामा भाच्याशी भांडालाय. विषय हार्ड.

सुगरणपक्षी
आमच्या घरी व्हिडिओ गेम दादाचा, मला दुसरा रिमोट, म्हणजे लुईजी. आणि दोघं एकदम खेळता यायचं नाही, पहिल्याची लाईफ गेली की दुसऱ्याचा नंबर. दादा काही लवकर मरायचा नाही. म्हणून मी नुसती बघत बसायचे आणि बघून बघून मला त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागलं, हे त्याला अजून मान्य नाही.

त्या पहिल्या मश्रूमबद्दल एक सांगते. गेम करणारे शिगेरू मियामोतो यांनी नंतर मुलाखतीत समजावून सांगितलंय की ती जागा फार विचार करून रचलेली आहे. सुरुवातीलाच गुंबा नावाचा तो तपकिरी शत्रू समोरून येतो, त्याचा धक्का लागला की मेलात, म्हणजे मश्रूमसारखं दिसणारं काहीतरी वाईट असतं हे डोक्यात बसतं. लगेच पुढं बॉक्समधून मश्रूम निघतं, तेपण चालायला लागतं. नवीन माणूस घाबरून पळणार. म्हणून ते मश्रूम आधी उजवीकडं जातं, खाली पडतं, पाईपला आपटून उलटं तुमच्याच अंगावर येतं. वरून उडी मारून चुकवावं म्हटलं तर डोक्यावर विटांची रांग, त्यांना आपटून परत मश्रूमवरच पडायचं. अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो! न सांगता शिकवलं. एक अक्षर लिहिलेलं नाही स्क्रीनवर. मला या रचनेचं जेवढं कौतुक आहे तेवढं पुढच्या कुठल्याच गेमचं नाही.

चौथी ब
सुगरणपक्षी, वर्गात शिकवताना हे जमलं असतं तर काय पाहिजे होतं. वाचनखूण साठवली.

उसाचा फड
आमी कागलकडचं. टीव्ही एकाच्यात, व्हिडिओ गेम एकाच्यात आन् लाईट कुणाच्यातच न्हाई आसली गत. भारनियमनाचं टायमिंग बघून खेळाय बसायचं. मला इचाराल तर बॉक्सात काय हाय हे ठाव नसण्यातच मजा हुती, जोतिबाच्या जत्रंत चिठ्ठी फोडल्यागत. आता कळलं सगळं ठरल्यालं असतंय. सांगायचं न्हाई राव आसलं.

फडताळ
फड काका, पण चिठ्ठी फोडताना हातात काहीच नसतं, इथं दुसऱ्यांदा खेळताना माहिती कामाला येते. सगळं नशिबावर असतं तर गल्लीत कुणी कुणाला काय सांगितलं असतं?

निवांत
पुण्यातून एक नाराज कोल्हापूरकर. प्रश्नचिन्हाचा बॉक्स मला मान्य, तो चमकतो, "मला मार" म्हणतो. पण लपलेले बॉक्स? हवेत काहीच दिसत नाही, उडी मारली तर डोकं आपटतं. हा काय न्याय झाला. गेमनं खेळणाऱ्याला खूण द्यायला पाहिजे, नाहीतर सगळ्या स्टेजभर माकडासारख्या उड्या मारत बसायचं. आम्ही बसलोय.

मंगळवारपेठी
@निवांत, पहिल्या स्टेजचा लपलेला बॉक्स बघा कुठं ठेवलाय. चौथ्या पाईपच्या पुढं, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडं. म्हणजे जिथं माणूस खड्डा ओलांडायच्या नादात सहज उडी मारतो तिथंच. कुणाला तरी चुकून सापडणार आणि तो दुसऱ्या दिवशी शाळेत सांगणार. खूण गेमनं नाही द्यायची, मित्रानं द्यायची. धागाकर्त्याच्या "नेट नसताना कसं कळायचं" याचं उत्तर पण हेच.

आणि चौथ्या पाईपातून खाली कॉइनच्या खोलीत गेलात तर बाहेर पडता थेट स्टेजच्या शेवटाजवळ, म्हणजे त्या लपलेल्या बॉक्समधलं एक्स्ट्रा लाईफचं हिरवं मश्रूम पण हुकतं आणि मधल्या विटेतला स्टार पण. पाईपातली खोली का एक्स्ट्रा लाईफ, ठरवा.

अजून ऐका. ती एक्स्ट्रा लाईफ एकदा काढून तुम्ही मेलात तर परत खेळताना तो बॉक्स तिथं निघत नाही. आणि पुढच्या वर्ल्डांच्या पहिल्या स्टेजला असलेला तसलाच बॉक्स तेव्हाच निघतो जेव्हा मागच्या वर्ल्डच्या तिसऱ्या स्टेजला तुम्ही पुरेसे कॉइन गोळा केलेले असतात, नाहीतर मग वॉर्प झोनमधून, म्हणजे थेट पुढच्या वर्ल्डला नेणाऱ्या लपलेल्या जागेतून, आलेले असता. हे कुठंही सांगितलेलं नाही.

सुगरणपक्षी
आईशप्पथ! म्हणजे दादा "काल इथं होतं, आज कुठं गेलं" म्हणून टीव्हीला चापट्या मारायचा त्याचं कारण हे. आत्ता फोन करते.

निवांत
मंगळवारपेठी, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. मागच्या वर्ल्डला कॉइन कमी घेतले म्हणून इथं बॉक्स गायब, आणि सांगायचं पण नाही? ही शिक्षा झाली, तीपण गुन्हा न सांगता.

फडताळ
यावर 1986 चा जपानी दुसरा भाग खेळून बघा, मग पहिला भाग देवमाणूस वाटेल. त्यात पहिल्याच स्टेजला बॉक्समधून विषारी मश्रूम निघतं, लागलं की धक्का. आणि लपलेले बॉक्स मुद्दाम अशा ठिकाणी की उडी मारली की डोकं आपटून खड्ड्यात. अमेरिकेत तेव्हा तो काढलाच नाही, तिथं 1993 मध्ये लॉस्ट लेव्हल्स नावानं दुसऱ्या भागांबरोबर आला. त्याऐवजी तिकडं दुसरा भाग म्हणून जो दिला तो मुळात वेगळाच जपानी गेम होता, डोकी डोकी पॅनिक, चेहरे बदलून. त्यात बॉक्स मारायचे नसतात, जमिनीतून भाज्या उपटायच्या.

हौशी लोक स्वतःच्या स्टेज बनवतात त्यात पण हा छळ चालतो, तसल्या लपलेल्या बॉक्सला कायझो ब्लॉक म्हणतात. तिथं निवांत यांनी जाऊ नये, तब्येतीला बरं नाही.

उसाचा फड
भाज्या उपटायच्या? ते आमी घरी फुकट करतोय की.

पांढरा रस्सा
हहपुवा

चौथी ब
अवांतर: डोकं मारायचं म्हणताय सगळे, पण मारिओ बॉक्सला डोकं मारतच नाही. उडी मारतानाचं चित्र नीट बघा, मूठ वर असते. हातानं मारतो.

खटका
काय सांगताय. इतकी वर्षं त्याच्या मणक्याची काळजी करत होतो.

रंकाळ्याचावारा
नाही हो, डोकंच आपटतं. टोपी लागते की बॉक्सला.

चौथी ब
पॉज करून बघा. स्टार्ट दाबा, तो आवाज होईल, मग शांतपणे बघा. मूठ.

पांढरा रस्सा
मामाचा आता दोन दोन ठिकाणी वाद. भाचा एकीकडं, चौथी ब एकीकडं.

फडताळ
मुठीचा विषय निघालाच आहे तर त्याहून भारी सांगतो. अमेरिकेत त्या गेमबरोबर जी माहितीपुस्तिका यायची तिच्यातली गोष्ट वाचली तर कळतं की राक्षस कूपानं काळी जादू करून मश्रूम राज्यातल्या शांत लोकांना दगड, विटा आणि झुडपं करून टाकलंय. म्हणजे विटा ही प्रजा आहे!

सुगरणपक्षी
थांबा थांबा. मोठा मारिओ झाल्यावर विटा फोडत सुटायचो ती प्रजा होती?? एका विटेचे 50 पॉइंट घेत होतो आपण!

फडताळ
हो, पण त्याच पुस्तिकेत असंही आहे की विटा झालेले किंवा अदृश्य झालेले मश्रूम लोक तुम्हाला भेटले तर ते बक्षीस म्हणून ताकद देतात. म्हणजे बॉक्समधून, लपलेल्या विटेतून जे निघतं ते गेमच्या गोष्टीत प्रजेकडून आलेलं. निवांतराव, तुम्हाला हवेत डोकं आपटणारा बॉक्स म्हणजे मदतीला आलेला एक अदृश्य नागरिक आहे. जरा आदरानं बोला.

निवांत
नागरिकानं आधी आवाज द्यावा.

पांढरा रस्सा
त्यात दहा दहा कॉइन निघणारी वीट असायची, तो नक्की नगरसेवक. (ह घ्या.)

मंगळवारपेठी
त्या कॉइनच्या विटेचं पण एक आहे. दहाच निघतात असं नाही, तिला घड्याळ लावलेलं असतं. पहिल्यांदा मारलं की वेळ सुरू, वेळ संपल्यावर जो फटका पडेल तो शेवटचा कॉइन, मग वीट मेली. हळूहळू मारत बसलात तर कमी निघतात, भरभर मारलं तर जास्त. इथं मात्र खटक्यावर बोट पाहिजे.

आणि बॉक्स चमकतो कसा तेपण सांगतो, कारण मला ही युक्ती फार आवडते. चित्र बदलतच नाही, फक्त त्या चित्राला लावलेला एक रंग फिरत राहतो. हवेतले कॉइन पण त्याच रंगांवर चालतात, म्हणून बॉक्स आणि कॉइन नेहमी एकदमच लुकलुकतात, कधी मागंपुढं होत नाहीत. सगळा गेम 40 किलोबाइटचा, तिथं अशी काटकसर केल्याशिवाय भागत नव्हतं. ढग आणि झुडूप पण एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग, एकाला हिरवा.

सुगरणपक्षी
ढग आणि झुडूप एकच?! आज काय झोप लागत नाही मला.

फडताळ
धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न कुणी घेईना म्हणून मी घेतो, मोठं होईल.

तिसरा भाग 1988 चा. तिथं बॉक्समधून पान निघायला लागलं, घेतलं की शेपूट येते आणि उडता येतं. पण नियम तोच, छोटे असाल तर पान सोडा, आधी मश्रूमच मिळणार. लाकडाचे, संगीताच्या खुणेचे उसळणारे असे वेगळे ठोकळे पण आले, आणि पी लिहिलेलं बटण, त्याच्यावर उडी मारली की थोडा वेळ विटांचे कॉइन आणि कॉइनच्या विटा. पहिल्या वर्ल्डच्या तिसऱ्या स्टेजला एक पांढरा ठोकळा आहे, त्याच्यावर खाली दाबून बसून राहिलं की मारिओ चक्क पडद्याच्या मागं जातो आणि तसाच पळत शेवटाला गेलं की वॉर्पची शिट्टी मिळते. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं असेल त्याला रिकामा वेळ किती असेल.

मग 1990 चा सुपर मारिओ वर्ल्ड. माझ्या मते बॉक्सचा सगळ्यात चांगला विचार इथं झालाय. नकाशावर चार रंगांचे महाल, पिवळा, हिरवा, लाल, निळा. महालातलं बटण दाबेपर्यंत त्या रंगाचे बॉक्स सगळ्या गेमभर नुसते तुटक रेषांचे दिसतात, हात आरपार जातो. बटण दाबलं की सगळीकडचे एकदम भरीव. म्हणजे मागच्या स्टेजला परत जायला कारण मिळतं. शिवाय पंख फुटलेले उडते बॉक्स, आणि बॉक्समधून अंडं, अंड्यातून योशी, म्हणजे मारिओ ज्याच्यावर बसतो तो डायनासोर.

1996 ला मारिओ 64 मध्ये हीच कल्पना टोप्यांना लावली, लाल बॉक्समध्ये पंखांची टोपी, हिरव्यात धातूची, निळ्यात अदृश्य व्हायची, आणि तिथंही आधी बटण शोधायला लागतं. 2009 च्या निन्टेन्डो वी वरच्या गेममध्ये चौघं एकदम खेळतात, तर बॉक्स मारला की जेवढे खेळणारे तेवढ्या वस्तू निघतात. तरी भांडणं होतातच, आमच्याकडं माझी बायको माझं पण मश्रूम खाते.

चौथी ब
त्याच वी वाल्या गेममध्ये एकाच स्टेजला आठ लाईफ गेल्या की हिरवा बॉक्स येतो ना? तो मारला की लुईजी येऊन स्टेज पार करून दाखवतो. माझ्या मुलीनं तो येऊ दिला पण मारला नाही, अपमान वाटला म्हणे.

निवांत
हे बघा, हे योग्य. अडकलेल्याला मदत, नको असेल त्यानं मारू नये. नंतरच्या सुपर मारिओ थ्रीडी लँड गेममध्ये पण पाच वेळा मेलं की मदतीचा बॉक्स येतो, त्यातलं पान घेतलं की शत्रूचा धक्का लागत नाही. मी निर्लज्जपणे घेतलंय.

मंगळवारपेठी
आणि मग म्हणायचं गेम सोपा झालाय.

निवांत
मी असं कधी म्हटलं?

मंगळवारपेठी
तुम्ही नाही, मी म्हणतोय. मेल्यावर बक्षीस मिळायला लागलं की बॉक्सची किंमत जाते. मला पहिल्या गेममधला एक मश्रूम मिळाल्यावर जो आनंद व्हायचा तो नंतर ढिगानं मिळायला लागल्यावर राहिला नाही.

सुगरणपक्षी
मंगळवारपेठी, असहमत. माझ्या भाचीनं त्या मदतीमुळं गेम पूर्ण केला. आपल्यातल्या किती जणांनी पहिला गेम ड्रॅगनपर्यंत खरोखर नेला होता? वॉर्प न घेता. खरं सांगा.

उसाचा फड
न्हाई नेला. पन लाईफ लई जमवल्यात. 3-1 ला, म्हंजी तिसऱ्या वर्ल्डच्या पयल्या स्टेजला, शेवटाकडं पायऱ्यांवर कासवं येतात, त्यातल्या एकाला पायरीशी दाबून त्याच्यावर उड्या मारत ऱ्हायचं. 100, 200, 400 करत 8000 पर्यंत आन् मग हर उडीला लाईफ. आमचा एक दोस्त तर इतक्या जमवायचा की आकडा दिसायचाच न्हाई, मुकुट यायचा. मग एकदा मेला आन् सरळ गेम ओव्हर! समद्यांनी त्याला लई धुतला, म्हटलं तू काय तर दाबलंस.

मंगळवारपेठी
त्यानं काही दाबलं नव्हतं फड. लाईफ 127 च्या वर गेल्या की गेमचा हिशोब उलटतो, आकडा उणे धरला जातो. पुढच्या मरणाला गेम ओव्हर.

उसाचा फड
आता त्येला सांगतो. तो अजून म्हणतोय की मी न्हाई केलं.

रंकाळ्याचावारा
सगळ्यांचे आभार. भाच्याला हा धागा दाखवणार नाही हे ठरलंय. पण मुठीचं त्याला विचारलं, त्यानं पॉज करून दाखवलं, मी चष्मा नसल्यामुळं मत राखून ठेवलंय.

आता एक राहिलं, ते 4-2 चं. तिथं वेल निघायचा आणि वर जाऊन थेट 8 व्या वर्ल्डला जाता यायचं. भाच्याला ते सापडत नाहीये आणि मला जागा आठवत नाहीये, आणि इथं माझी इज्जत आहे.

सुगरणपक्षी
सोप्पं आहे. 4-2 ला सुरुवातीच्या लिफ्ट ओलांडल्या की तीन विटांची रांग लागते. तिथं रिकाम्या जागेत उड्या मारा, लपलेले बॉक्स निघतील, त्यांच्यावर चढून वीट मारायची, वेल वर जातो. वर तीन पाईप, 8, 7, 6. ही जागा हुकली आणि पुढं जाऊन शेवटच्या भिंतीवरून गेलात तर तिथल्या वॉर्पनं फक्त 5 व्या वर्ल्डला जाता, भाच्यासमोर ते करू नका.

निवांत
बघा, परत लपलेले बॉक्स. नको.

खटका
एक शेवटचं. झेंड्याला लटकल्यावर किल्ल्यावर कधी फटाके उडतात कधी नाही, ते तरी नशिबावर आहे का?

मंगळवारपेठी
तेपण नाही. झेंड्याला हात लागतो तेव्हा वेळेचा शेवटचा आकडा 1, 3 किंवा 6 असेल तर तेवढे फटाके, एकाला 500 पॉइंट. बाकी आकड्यांना काही नाही.

पांढरा रस्सा
म्हणजे खांबाजवळ उभं राहून 6 ची वाट बघत बसायचं. मर्दा, तेवढ्यात मिसळ खाऊन होईल.